अंगठ्याची सुरक्षा कोण तपासते? जव्हार-मोखाड्यातून काही प्रश्न

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत काम करताना आम्हाला एक वाक्य सतत ऐकू येते : "मशीन अंगठा घेत नाही." रेशन दुकान असो की बँक मित्राचे टेबल. आवणी झाली, नाचणी-वरईची खुरपणी झाली, दिवाळीनंतर वीटभट्टीवर पाच-सहा महिने माती मळून झाली, की बोटांच्या रेषा झिजतात. बँक मित्र म्हणतो, "मावशी, बोट पुसा, दुसरं लावा." चार-पाच वेळा प्रयत्न होतो, मग "उद्या या". उद्या येणे म्हणजे पुन्हा जीपचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी गेली.

याच अंगठ्याची चोरीही होते. 2018 साली तेलंगणात जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे मिळवून, त्यांचे रबरी साचे करून सिमकार्डे सुरू केल्याचे प्रकरण उघड झाले. पुढे सिलिकॉनच्या नकली बोटांनी एईपीएसमधून, म्हणजे आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांतून, पैसे काढल्याच्या तक्रारी अनेक राज्यांत आल्या. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट कसे बदलणार?

म्हणून त्या छोट्या यंत्राच्या आत काय आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवे. मॉर्फो, मंत्रा, स्टारटेक ही नावे आपण त्यावर पाहतो. मॉर्फो ही मूळ फ्रेंच कंपनी, आता आयडेमिया; मंत्रा अहमदाबादची. 2017 मध्ये आधार प्राधिकरणाने 'नोंदणीकृत उपकरण' सक्तीचे केले. प्रत्येक यंत्राला स्वतःची ओळख आणि गुप्त किल्ली असते; ठसा त्या किल्लीने कुलूपबंद होऊनच पुढे जातो. पहिल्या पातळीच्या, म्हणजे एल-झिरो यंत्रांत हे काम जोडलेल्या मोबाइल वा संगणकातील सॉफ्टवेअर करते. त्या संगणकात कुणी शिरला तर किल्लीपर्यंत पोहोचू शकतो. एल-वन यंत्रांत हेच काम चिपमधल्या वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात होते आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरला तिथे प्रवेश नसतो. हीच हार्डवेअरवर आधारलेली सुरक्षा. मात्र कप्पा कितीही पक्का असला तरी काचेवर ठेवलेले बोट जिवंत आहे की सिलिकॉनचे, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते.

आता कंपन्यांच्या भूमिकेकडे येऊ. चिप कंपनी बनवते, आतले नकाशे तिच्याकडेच असतात. त्यामुळे विद्यापीठांना संशोधनासाठी तिची मदत लागते. 2014 मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी मिळून दाखवले, की मेमरी चिपच्या एका ओळीतील माहिती पुन्हापुन्हा वाचली तर शेजारच्या ओळीतील माहिती बदलते. दोघे एकत्र आल्याचा हा फायदा. दुसरीकडे, 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे प्रोसेसरमधले दोष संशोधकांनी 2017 च्या मध्यावर कंपन्यांना कळवले आणि जगाला ते कळले जानेवारी 2018 मध्ये. दुरुस्तीला वेळ हवा, हे मान्य. पण तोवर काय लपवायचे हे कंपन्या आणि मोजके तज्ज्ञच ठरवत होते. वापरणाऱ्याला कुणी विचारले नाही.

आपल्याकडेही अशी भागीदारी आहे. जुलै 2023 मध्ये आधार प्राधिकरण आणि आयआयटी मुंबई यांनी स्पर्श न करता, मोबाइल कॅमेऱ्याने ठसे टिपण्याच्या यंत्रणेवर संयुक्त संशोधनाचा करार केला. बोट जिवंत आहे का, हे तपासणेही त्यात येते. पवईची ही संस्था मोखाड्यापासून काही तासांवर आहे.

आमचा प्रश्न इथेच आहे. नकली बोट पकडण्यासाठी यंत्र जितके संशयी कराल, तितके ते खरे पण झिजलेले बोटही नाकारण्याचा धोका वाढतो. यंत्र किती संशयी असावे, हा निव्वळ तांत्रिक निर्णय नाही. कंपनीला प्रमाणपत्र हवे असते, बँकेला फसवणूक कमी हवी असते. नाकारलेल्या अंगठ्याची किंमत मात्र भट्टीवरची बाई भरते. चाचणीत कातकरी, वारली, कोकणा, ठाकूर मजुरांचे हात होते का? तालुकानिहाय नाकारण्याचे प्रमाण जाहीर होईल का? पहिले आधार कार्ड 2010 मध्ये नंदुरबारमधील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. आदिवासींपासून सुरू झालेल्या योजनेत हे विचारणे फार मोठी मागणी नाही.

'बायोमेट्रिक लॉक करा' हा सल्ला शहरात सोपा आहे. लॉक केले की एईपीएसही बंद आणि रेशनचा अंगठाही बंद. उघडायला आधारला जोडलेला मोबाइल हवा. लाडकी बहीणचे 1500 रुपये अंगठ्यावर काढणाऱ्या, स्वतःचा फोन नसलेल्या बाईला तो कसा सांगायचा?

तोवर एवढे लक्षात ठेवा. 24 ऑक्टोबर 2017 च्या आधार प्राधिकरणाच्या परिपत्रकानुसार अंगठा जुळला नाही वा नेटवर्क नाही म्हणून रेशन नाकारता येत नाही. नोंदवहीत नोंद करून ते द्यायचे असते. त्याची प्रत जवळ बाळगा. खात्यातून न काढलेले पैसे गेलेले दिसले तर 1930 वर कळवा आणि बँकेत लेखी तक्रार करून पोच घ्या. चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकावर भार येत नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना सूचनाच मिळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या.

आणि आपल्या पाड्यावर एक वही ठेवा : तारीख, ठिकाण, कोणते बोट, किती प्रयत्न, शेवटी काय झाले. भट्टीवरून माणसे परततात त्या मे-जूनच्या दिवसांत ती आवर्जून भरा. तहसील कार्यालयात जाताना आम्ही तीच पुढे ठेवणार आहोत.