ऐकावे जनाचे, करावे मनाचे

आठवीच्या वर्गात मी एकदा फळ्यावर एक उदाहरण लिहिले. ‘18 मीटर लांबीच्या तारेचे 3-3 मीटरचे तुकडे करायचे आहेत. तार किती वेळा कापावी लागेल?’

“सहा वेळा, सर!” पुढच्या बाकांवरून आवाज आला.

“कोणाकोणाचे उत्तर सहा आहे?” मी विचारले. भराभर हात वर झाले. शेवटच्या बाकावरील एका मुलीने इकडेतिकडे पाहिले, वहीत घाईघाईने काहीतरी खोडले आणि तिनेही हात वर केला. मी जवळ जाऊन वही पाहिली. खोडलेला 5 हा आकडा अजून दिसत होता. तेच उत्तर बरोबर होते! तारेचे तुकडे सहा होतात. पण त्यासाठी तार पाचच वेळा कापावी लागते.

“तुझे उत्तर बरोबर होते. मग खोडलेस का?”

“सर, सगळ्यांचे सहा आले. मला वाटले, माझेच चुकले असेल.”

विद्यार्थी मित्रांनो, असे का होते? सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत याचा शोध घेतला. 1951 साली त्याने आपल्या प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली. प्रयोग अगदी साधा होता. सात-आठ तरुणांना एका खोलीत बसवत. त्यांना दोन कार्डे दाखवत. एका कार्डावर एक रेघ असे, दुसऱ्यावर लहानमोठ्या तीन रेघा. पहिल्या रेघेएवढी रेघ या तिघींपैकी कोणती, एवढेच सांगायचे. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत असे.

पण यात एक गंमत होती. त्या तरुणांपैकी एकाचीच खरी परीक्षा होती. बाकीच्यांना काय बोलायचे ते आधीच शिकवलेले होते. 18 पैकी 12 वेळा ते सगळे मिळून एकच चुकीचे उत्तर देत. त्या बिचाऱ्याची पाळी शेवटी-शेवटी येई. एकट्याने उत्तर देताना माणसे क्वचितच चुकत. येथे मात्र सुमारे एक तृतीयांश उत्तरे इतरांसारखीच चुकीची आली. नंतर विचारल्यावर काहींनी सांगितले, “आमचेच डोळे चुकत असतील असे वाटले.” काही म्हणाले, “खरे दिसत होते. पण सगळ्यांहून वेगळे पडायचे नव्हते.” तरीही साधारणपणे चारांतला एक जण शेवटपर्यंत आपल्या डोळ्यांशी प्रामाणिक राहिला.

पुढे ॲशने आणखी एक गोष्ट करून पाहिली. खोलीत फक्त एक जण खरे बोलणारा ठेवला. तेवढ्याने चुका पूर्वीच्या एक चतुर्थांशावर आल्या. म्हणजे एकाने खरे सांगितले, की दुसऱ्यालाही धीर येतो.

हे केवळ रेघांचे किंवा गणिताचे नाही. वर्गात नवा मुलगा येतो. त्याच्या बोलण्याला सगळे हसतात. हे बरे नव्हे, असे आपले मन सांगते. तरी आपणही हसतो. मनातल्या ज्या आवाजाला उर्दूत आपण ‘जमीर’ म्हणतो, त्याला मराठीत ‘सदसद्विवेकबुद्धी’ म्हणतात. सत् म्हणजे चांगले, असत् म्हणजे वाईट. या दोहोंतला फरक सांगणारी ती सदसद्विवेकबुद्धी. टाळ्या आणि शाबासकी कोणाला आवडत नाहीत? पण लोकांना काय आवडले, एवढेच त्यांवरून कळते. ते खरे की खोटे, हे आपल्यालाच तपासावे लागते.

मात्र मनाचे ऐकणे म्हणजे हट्ट करणे नव्हे. आपली म्हण काय सांगते? ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे.’ आधी ऐकावे, मग करावे. कोणी आपली चूक दाखवली, तर ती मान्य करावी. पण ‘सगळे म्हणतात’ एवढ्याच कारणाने आपले उत्तर खोडू नये. ते पुन्हा तपासावे आणि बरोबर ठरले, तर नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे.

त्या दिवशी मी मुलीला फळ्याजवळ बोलावले. तिने तारेचे चित्र काढले आणि कापण्याच्या जागी एकेक खूण केली. पाच खुणा झाल्या. तुकडे मोजले, ते सहा भरले. वर्ग गप्प झाला.

चूक माझीही होती. हात मोजून उत्तर ठरवण्याची सवय मीच वर्गाला लावली होती. आता मी ‘कोणाकोणाचे उत्तर हे आहे?’ असे विचारत नाही. ‘हे उत्तर कसे आले?’ असे विचारतो.

शब्दार्थ
मानसशास्त्रज्ञ – मनाच्या व्यवहारांचा अभ्यास करणारा
एक तृतीयांश – तीन भागांपैकी एक भाग
धीर येणे – हिंमत वाटणे
हट्ट – जिद्द धरून बसणे

स्वाध्याय
1. मुलीने आपले उत्तर का खोडले?
2. खोलीत एक जण खरे बोलू लागताच काय फरक पडला?
3. मनाचे ऐकणे आणि हट्ट करणे यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.