लिनक्स संगणकांची सुरक्षा : वेळीच दुरुस्ती आवश्यक

कार्यालये, बँका, विद्यापीठे आणि रुग्णालये यांच्या कामकाजाचा मोठा भार आज संगणकांवर आहे. त्यांपैकी अनेक सर्व्हर लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालतात. प्रणाली चांगली निवडली की सुरक्षिततेची काळजी मिटली, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. लिनक्सवरील आज्ञावल्या बहुधा ‘पॅकेज’ स्वरूपात बसविल्या जातात. त्यांतील दोष वेळोवेळी उघडकीस येतात आणि डेबियनसारख्या वितरक संस्था दुरुस्त पॅकेजेस उपलब्ध करून देतात. ती वेळीच बसविण्याची जबाबदारी मात्र संगणक सांभाळणाऱ्याची असते.

हार्टब्लीडचा धडा

७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. इंटरनेटवरील दळणवळण गुप्त राखणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत तो होता. पलीकडच्या संगणकाने पाठविलेल्या मजकुराची लांबी खोटी सांगितली, तरी सर्व्हर ती पडताळून पाहत नसे. तो आपल्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर परत पाठवी. त्यात परवलीचे शब्द, एवढेच नव्हे तर सर्व्हरची गुप्त किल्लीही असू शकत असे. अशा चोरीची नोंद सर्व्हरच्या नेहमीच्या दप्तरात राहत नसे.

दुरुस्त पॅकेज लगेच मिळाले. परंतु ते बसविल्याने काम संपत नव्हते. चालू असलेल्या सेवा स्मृतीतील जुनीच प्रत वापरीत राहतात, म्हणून त्या पुन्हा सुरू करणे आवश्यक होते. शिवाय फुटलेल्या असण्याचा संभव असलेल्या किल्ल्या व परवलीचे शब्दही बदलावे लागले.

नवे म्हणजे सुरक्षित नव्हे

डेबियनच्या स्थिर आवृत्तीत सहसा संपूर्ण नवी आज्ञावली न देता जुन्याच आज्ञावलीत नेमकी दुरुस्ती केली जाते. हार्टब्लीडच्या वेळीही मूळ क्रमांक १.०.१ई हाच राहिला. फक्त पॅकेजचा पुढील क्रमांक बदलला. या धोरणाचे महत्त्व मार्च २०२४ मध्ये दिसून आले. एक्सझेड या आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघड केले. डेबियनची स्थिर आवृत्ती तिच्यापासून मुक्त होती.

काय करावे?

डेबियनमध्ये ‘ॲप्ट अपडेट’ या आज्ञेने पॅकेजांची यादी ताजी होते व ‘ॲप्ट अपग्रेड’ने दुरुस्त्या बसतात. यादीवरील अंकीय स्वाक्षरी तपासली जात असल्याने बनावट पॅकेजांना आळा बसतो. म्हणून अनोळखी ठिकाणची पॅकेजेस घेऊ नयेत. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ ही सोय सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसविते. कर्नल बदलल्यावर संगणक सामान्यतः पुन्हा सुरू करावा लागतो. महत्त्वाच्या सर्व्हरवर आधी माहितीची राखीव प्रत घ्यावी.

प्रत्येक आवृत्तीला ठरावीक मुदतीपर्यंतच दुरुस्त्या मिळतात. मुदत संपलेली प्रणाली वरकरणी सुरळीत चालते, पण नव्या दोषांपुढे ती निराधार असते. म्हणूनच प्रत्येक कार्यालयाने या कामासाठी एक जबाबदार व्यक्ती व निश्चित दिवस ठरविणे हितावह होय.