माकडतापात माकडाचा दोष किती?

‘माकडताप’ हे नाव ज्याने कुणी रूढ केले, त्याने माकडावर अन्याय केला, असे माझे मत आहे. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. आसपासच्या गावांतली माणसेही तापाने फणफणली. पीतज्वर भारतात शिरला की काय, या धास्तीने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिकडे गेले. सापडला तो वेगळाच विषाणू, रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग. तो पसरवते रानातली गोचीड. माकड आपल्यासारखेच रोगी. ते मेले की अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते.

हा ताप कर्नाटकातच राहिला नाही. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात त्याची साथ आली. आमच्या चंदगडातून तिलारी घाट उतरला की दोडामार्गच. तिथे काजूच्या बागांत पडलेली बोंडे वेचताना पालापाचोळ्यात हात घालावा लागतो, आणि गोचिडीची बारीक पिल्ले चावण्याचा हंगामही नेमका तोच, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. ही पिल्ले इतकी लहान, की चावल्याचे अनेकांना कळतही नाही.

ताप अचानक चढतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. काहींचा ताप उतरतो आणि आठ-पंधरा दिवसांनी मेंदूला त्रास देत परत येतो. शंभरात तीन ते पाच रोगी दगावतात. नेमके औषध नाही. सलाइन, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष, एवढेच. कर्नाटकात वर्षानुवर्षे दिलेली लसही पुरेशी परिणामकारक नसल्याने बंद झाली. सुदैवाने हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही.

वारणानगरात बसून हे लिहिण्याचे कारण गोठ्यात आहे. इथला संसार दुधावर चालतो. माकडतापाचा विषाणू गाई-म्हशींत फारसा वाढत नाही. पण रानात चरणाऱ्या जनावराचे रक्त पिऊन गोचिडीची मादी पोसते आणि हजारो अंडी घालते. क्रिमियन-काँगो तापाची गोष्ट तर अधिक गंभीर. २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात तो भारतात प्रथमच निश्चितपणे आढळला, तेव्हा उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. कारण तो रोग्याच्या रक्तातूनही पसरतो. त्यात शंभरी दहा ते चाळीस मृत्यू होतात. जनावर मात्र धडधाकट दिसते.

आपल्याकडे गोचीड बोटांनी उपटून नखावर किंवा दगडाखाली चिरडायची जुनी सवय आहे. तिच्या पोटातले रक्त तेव्हा हातावरच्या चिरेला लागते. चिमटा, हातमोजे आणि पशुवैद्यकाने सांगितलेले गोचीडनाशक, हा खर्च फार नाही. आणि ताप आल्यावर डॉक्टरांनी न विचारताही सांगावे, की मी रानात गेलो होतो, गोठ्यात गोचिडी काढल्या होत्या. नाहीतर चिठ्ठीवर डेंगीची तपासणी लिहिली जाते, आणि ती निगेटिव्ह आली की रोगी घरी जातो.