पाळी गेल्यावरच्या गोळ्या

‘पाळी गेली, कटकट गेली’ असं आपण म्हणतो खरं. पण त्या सुमारास अंगातून वाफा निघायला लागतात, ऐन थंडीत पांघरूण भिरकावून द्यावंसं वाटतं, झोप उडते. डॉक्टर हॉर्मोनच्या गोळ्या सुचवतात आणि शेजारीण म्हणते, ‘अहो, घेऊ नका, त्यानं कॅन्सर होतो!’

ही भीती आली कुठून? अमेरिकेत १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी पुस्तक लिहून इस्ट्रोजेनला चिरतारुण्याचं औषध ठरवलं. (वय होणं हा आजार बाईलाच तेवढा का, कोण जाणे!) १९७५ मध्ये दिसून आलं, की नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बळावतो. मग जोडीला प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध आलं. पुढे तिथेच १६,६०८ बायकांवर या जोडीची मोठी चाचणी झाली, ती २००२ साली मधेच थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ जणींना स्तनाचा कर्करोग जास्त, ८ जणींना पक्षाघात जास्त. उलट खुब्याचं हाड मोडणं ५ जणींचं टळलं.

आता आकडे नीट बघा. दहा हजारांत आठ! शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत गोळ्या सुरू केल्या तर धोका कमी, असं नंतर दिसलं. कमी म्हणजे नाहीच असं नव्हे. जोडीच्या गोळ्या जितकी जास्त वर्षं, तितकी स्तनाची काळजी जास्त.

तुमची पिशवी काढलेली असेल तर एकटं इस्ट्रोजेन चालतं. असेल तर जोडीचं औषध चुकवून चालत नाही. तेव्हा जावेची चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून गोळ्या आणू नका. पूर्वी स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा. त्रास फक्त कोरडेपणाचा, संबंधाच्या वेळी दुखण्याचा असेल, तर आतून लावायचं मलम मिळतं. त्यातलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं. पण लाजेपायी हे सांगतं कोण?

आणि हो, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा पीत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, मग गोळ्या चालू असोत वा नसोत.