दाबोळीवर बॉम्ब पडले, तरी टर्मिनल शाबूत कसे? जाणून घ्या पुण्याच्या ‘कॅनबेरा’ची मोहीम

गोवा मुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बर विमानांनी दाबोळी विमानतळावर हल्ला केला.

नेमके काय घडले?
विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखालील १२ विमानांनी काही मिनिटांत ६३ हजार पौंड, म्हणजे सुमारे २८.५ टन बॉम्ब टाकले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या ८ विमानांनी पुन्हा मारा केला.

टर्मिनल कसे वाचले?
धावपट्टी निकामी करा, पण इमारतींना धक्का लावू नका, असा स्पष्ट आदेश होता. तो दोन्ही वेळा पाळला गेला.

धावपट्टी बंद पडली का?
पूर्णपणे नाही. कर्मचाऱ्यांनी तिचा काही भाग घाईघाईने दुरुस्त केला. त्याच रात्री पोर्तुगीजांची दोन विमाने अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.