तरुण मांजराचे लंगडणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्षा-दीड वर्षाचे मांजर लंगडू लागले, की ‘उडी चुकली असेल, चार दिवसांत सुधारेल’ असा निकाल देऊन घरातील मंडळी मोकळी होतात. परंतु व्यथा पायात दिसत असली तरी तिचे मूळ आहारात, संसर्गात, वंशात किंवा क्वचित हृदयातही असू शकते.

गैरसमज : मांजर मांसाहारी; सबब निव्वळ मांसावर पिल्लाची हाडे बळकट होतात.

वस्तुस्थिती : हाडाविरहित मांसात फॉस्फरस मुबलक आणि कॅल्शियम अत्यल्प असल्यामुळे, रक्तातील कॅल्शियमची तूट भरून काढण्यासाठी परावटू ग्रंथींचा स्राव वाढून ते हाडांतून काढले जाते, आणि वाढत्या पिल्लाची हाडे इतकी ठिसूळ होतात, की साध्या उडीनेही ती मोडावीत. पिल्लास उन्हात बसवूनही ही उणीव भरून निघत नाही, कारण मांजराची त्वचा पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते.

गैरसमज : मांजर चार पायांवर पडते, त्याला इजा होत नाही.

वस्तुस्थिती : न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरांचा वृत्तांत 1987 साली प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली हे खरे. तथापि छाती, जबडा आणि पाय यांच्या दुखापतींतून फारच थोडी सुटली. उलट, खच्ची केलेल्या वजनदार तरुण बोक्यांत मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाची वाढीची कूर्चा उशिरापर्यंत कच्ची राहते, आणि कोणताही अपघात न होता हाड तेथे खुब्याशी मोडू शकते.

गैरसमज : सांधेदुखी हा म्हातारपणाचाच विकार.

वस्तुस्थिती : 1961 साली स्कॉटलंडमध्ये आढळलेल्या एका मांजरीपासून निघालेल्या ‘स्कॉटिश फोल्ड’ जातीत, कान दुमडणारा जनुकदोष सर्व शरीरातील कूर्चेस बाधतो, आणि कोवळ्या वयातच सांधे आखडू शकतात. ‘मेन कून’ जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा संभव अधिक. कॅलिसी विषाणूमुळे तापासह लंगडणे एका पायातून दुसऱ्यात फिरते व बहुधा काही दिवसांत ओसरते. तर बोक्यांच्या मारामारीतील दाताचे छिद्र वरून बुजून आत पू साचतो, आणि केसांखाली तो सहसा दिसत नाही.

गैरसमज : माणसाच्या वेदनाशामक गोळीचा तुकडा दिल्यास हरकत नाही.

वस्तुस्थिती : पॅरासिटामॉलचा निचरा करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नाही, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होते, आणि एक गोळीदेखील प्राणघातक ठरू शकते.

मागचे पाय एकाएकी लुळे व थंड पडून मांजर विव्हळू लागले, तर हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी तेथे अडकली असण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी मालीश करीत न बसता त्याला ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. इतर लंगडणेही एक-दोन दिवसांत न थांबल्यास, अथवा सोबत ताप किंवा अन्नद्वेष असल्यास, तपासणीत हयगय करू नये.