आधी ब्रेक, मग किक

अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत जुन्या घरांच्या पडवीत डोकावले, तर ताडपत्रीखाली एखादी जुनी मोटारसायकल दिसतेच. कुठे राजदूत, कुठे बुलेट, कुठे येझदी. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा हा कारखाना १९९६ साली बंद पडला. पण त्या गाडीवरची माया काही आटलेली नाही. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी, असे घरातल्या तरुणाला एक दिवस वाटू लागते. कार्ब्युरेटर साफ होतो, नवा प्लग बसतो, दहा-वीस किका मारल्यावर इंजिन धडधडते. घरात पेढे वाटले जातात आणि गाडी थेट महामार्गाकडे निघते. मंडळी, इथेच क्रम चुकतो. बंद इंजिनाने कुणाचा जीव जात नाही. बंद ब्रेकने जातो.

या गाड्यांचे ब्रेक ड्रमचे. चाकाच्या मध्यभागी एक डबा असतो आणि त्यात अर्धचंद्रासारखे दोन ब्रेक शू. आपण पायाने पट्टी दाबली की त्यांच्या मधला कॅम फिरतो, शू फाकतात, त्यांवरचे लायनर ड्रमला घासतात आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. वेग दुप्पट झाला, तर ही ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतरही जवळजवळ चौपट. ताशी ४० किलोमीटर वेगात आपण दर सेकंदाला ११ मीटर पुढे जातो, हे लक्षात ठेवलेले बरे.

आपल्याकडे खारे वारे, मिठागरे आणि चार महिन्यांचा पाऊस. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, तेव्हा कितीतरी दुचाक्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीत कॅमचा दांडा गंजून जागीच धरतो. मग ब्रेक लागतच नाही, किंवा लागला तर सुटत नाही. शूंना परत ओढणाऱ्या स्प्रिंगा ढिल्या पडतात. ब्रेकच्या केबलची तार आतून एकेक धागा तुटत जाते, वरून मात्र ठणठणीत दिसते. म्हणून नुसते लायनर बदलून भागत नाही. स्प्रिंगा, केबल, ॲडजस्टरचा नट, स्प्लिट पिन ही किरकोळ वाटणारी सामग्री सगळी नवी घालावी. जुन्या मॉडेलचे शू मिळाले नाहीत, तर जुन्याच शूंवर नवे लायनर चिकटवून देणारे कारागीर आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात शोधले, तर सुटे भागही सापडतात.

काम करताना काही पथ्ये पाळावीत. चाक काढण्यापूर्वी ॲडजस्टर ढिला करावा, नाहीतर शू ड्रममध्ये अडकून बसतात. स्प्रिंगा कशा अडकवल्या आहेत, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आतली काळी धूळ फुंकून उडवू नये. जुन्या काळी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत, आणि ती धूळ फुप्फुसांना घातक. नाकाला मास्क लावून ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. कॅमला ग्रीस द्यावे, पण अगदी बोटभर. ते लायनरला लागले, तर ब्रेक घसरलाच समजा. लायनर साधारण २ मिलिमीटरपर्यंत झिजला असेल, तर तो बदलावाच.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो ब्रेकची प्लेट गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट. तो सुटला, तर ब्रेक लावताक्षणी प्लेटच चाकाबरोबर फिरते, चाक जाम होते आणि स्वार रस्त्यावर फेकला जातो. तिथे स्प्लिट पिन नवीच हवी. एवढीशी पिन, पण सारा भार तिच्या विश्वासावर!

पुढच्या ब्रेकची भीती अनेकांच्या मनात असते. वास्तविक ब्रेक लावताच वजन पुढे सरकते, त्यामुळे थांबवण्याचे मोठे काम पुढचे चाकच करते. म्हणून पुढची केबल आणि शू यांची हयगय नको. दोन्ही ब्रेक बेताने, एकत्र लावावेत. ड्रममध्ये पाणी गेले असेल, तर हळू चालवत ब्रेक हलकासा दाबून तो आधी सुकवून घ्यावा.

एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली किमान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली. जुन्या गाडीला यातले काहीच नाही. तिची भिस्त त्या स्प्रिंगा, त्या केबली आणि चालवणाऱ्याचा हात यांवरच. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओत तपासणी होते, हे खरे. पण तिथून सुटलो म्हणजे झाले, असे मानू नये. नवे लायनर बसल्यावर मोकळ्या मैदानात, हळू वेगात, ब्रेक दहा-वीस वेळा लावून पाहावेत आणि नट पुन्हा आवळावेत. मगच मागच्या सीटवर कुणाला बसवावे.

आम्हा कवींना ओळीतल्या विरामाचे महत्त्व शिकवले जाते. यतिभंग झाला, तर फार तर समीक्षक रागावतात. रस्त्यावरचा विराम चुकला, तर घरी वाट पाहणारे उंबरठ्यावरच राहतात. वडिलांची आठवण म्हणून गाडी चालू करायची असेल, तर त्या आठवणीला आधी थांबता आले पाहिजे.

(संपादित नभोवाणी भाषण)